मागे बघू नकोस

“आता मागे बघू नकोस,” दादा म्हणतो.

बॉम्ब सुटले की सेकंदाच्या आत हे वाक्य येतंच. हेडफोनच्या उजव्या बाजूने येतं, कारण दादा माझ्या उजव्या हाताला बसलेला असतो. तसे आम्ही बहीण-भाऊ दोन वेगळ्या शहरांत, आपापल्या टेबलाशी असतो. पण शनिवारी रात्री दोन तास आम्ही एकाच लाकडी विमानात खांद्याला खांदा लावून बसतो. मी वैमानिक, तो नॅव्हिगेटर. आणि बॉम्ब सुटले की मला दर वेळी मागे बघायचं असतं.

विमान मॉस्किटो. दुसऱ्या महायुद्धातलं, ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचं, दोन मर्लिन इंजिनांचं, दोन माणसांचं. सिममध्ये, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या खेळात, इतर कितीतरी विमानं आहेत, पण गेली तीन वर्षं मी हे एकच उडवते आहे. सुरुवात केली ती फक्त ते देखणं आहे म्हणून. पंखांच्या पुढच्या कडेत बसवलेले रेडिएटर, त्या कडेपासून थेट निघालेली दोन लांब इंजिनं, आणि त्यांच्या मधोमध जेमतेम दोन माणसं मावतील एवढी काचेची खोली. पण देखणेपण आठवडाभर पुरतं. पुढची तीन वर्षं मी त्याच्यात राहिले ती त्यामागच्या विचारासाठी.

१९३०च्या दशकात बॉम्बर बांधायची सर्वमान्य पद्धत एकच होती: विमान मोठं करा, त्याच्या नाकात, पाठीवर, शेपटीत बंदुका बसवा, प्रत्येक बंदुकीमागे माणूस बसवा. मग वजन वाढलं म्हणून इंजिनं वाढवा, इंजिनं वाढली म्हणून इंधन वाढवा. जेफ्री डी हॅविलंड यांनी हे चक्रच नाकारलं. बंदुका काढा, बंदूकवाले काढा, फक्त दोन माणसं ठेवा आणि विमान इतकं वेगवान करा की गाठायला कुणी येऊच शकणार नाही. तेही लाकडाचं. बर्च प्लायवूडच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा. शेंग उकलावी तशी विमानाची देहपेटी दोन अर्ध्या भागांत साच्यावर घडवायची, आतली वायरिंग आणि नळ्या उघड्यावर बसवून घ्यायच्या आणि मग दोन्ही अर्धे चिकटवायचे. युद्धात ॲल्युमिनिअमची ओढाताण होती, पण सुतार होते, फर्निचरचे कारखाने होते, पियानो बनवणारे कारागीर होते.

हवाई मंत्रालयातल्या बहुतेकांना ही कल्पना पटली नाही. पटली ती एअर मार्शल विल्फ्रिड फ्रीमन यांना, आणि म्हणून विरोधक या विमानाला ‘फ्रीमनचा मूर्खपणा’ म्हणायचे. १ मार्च १९४० ला ५० विमानांची ऑर्डर निघाली. २५ नोव्हेंबर १९४० ला पिवळ्या रंगाचं पहिलं विमान हॅटफील्डहून उडालं. चाचण्यांमध्ये त्याने ताशी ३८८ मैलांचा वेग गाठला, तेव्हा त्या काळच्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानापेक्षाही ते वेगवान ठरलं. पुढे त्याची जवळपास ७,८०० विमानं बांधली गेली. (दमट उष्ण प्रदेशात गोंदाच्या सांध्यांनी त्रासही दिला. लाकूड हवा ओळखतं.)

मी उडवते ते एफबी ६. लढाऊ-बॉम्बर. त्याच्या नाकात चार मशीनगन आणि नाकाखाली चार तोफा आहेत, म्हणजे मूळचा बिनबंदुकीचा विचार इथे थोडा वाकलेला आहे. पण मागच्या बाजूला रोखलेली एकही बंदूक याच्यावरही नाही. मागून येणाऱ्याला द्यायला या विमानाकडे एकच उत्तर आहे: निघून जाणं.

हे उत्तर शिकायला मला चार महिने लागले.

त्याआधी मी सिममध्ये लढाऊ विमानं उडवायचे, आणि हाताला जी सवय लागते ती तिथेच लागते. मागे शत्रू दिसला की स्टिक पोटाशी ओढायची, पंख उभा करायचा, वळायचं, त्याच्या मागे जायचं. मॉस्किटो वळतं, अगदी वाईट वळत नाही. पण वळणात वेग झडतो आणि झडलेला वेग परत मिळायला मिनिटं लागतात. फॉके-वुल्फला, म्हणजे जर्मन लढाऊ विमानाला, तेवढी मिनिटं लागत नाहीत. पहिल्या चार महिन्यांत मी जितक्या वेळा पडले, जवळजवळ तितक्या वेळा वळल्यामुळे पडले.

मग दादाने एका रात्री कागदावर गणित मांडलं. तो असा आहे, भावनेचं काही सांगायचं असेल तरी आकड्यांतून सांगतो. “समज, तू ताशी ३३० मैलांनी चालली आहेस. मागचा ३४० ने येतोय. तुझ्यापेक्षा वेगवान आहे तो. पण तुमच्यात दोन मैलांचं अंतर आहे. त्याला ते कापायला किती वेळ लागेल?”

बारा मिनिटं. दोन मैल, ताशी दहा मैलांच्या फरकाने. आणि त्या बारा मिनिटांत मी ६६ मैल पुढे गेलेली असेन. फ्रान्सच्या किनाऱ्यापासून तेवढ्यात इंग्लंड दिसायला लागतं. “आणि तू एकदा जरी वळलीस,” दादा म्हणाला, “तरी ते दोन मैल अर्ध्या मिनिटात संपतात.”

त्या दिवसापासून माझ्यासाठी वेग या शब्दाचा अर्थ बदलला. वेग म्हणजे गाठीला बांधलेले सेकंद. उड्डाणापासून ते परत उतरेपर्यंत तुम्ही ते साठवता किंवा उधळता. उंचीवरून खाली येताना साठतात. वळताना उधळले जातात. लक्ष्यावर दुसऱ्यांदा जायचा मोह झाला की सगळेच्या सगळे जातात.

उडवायला ते सोपं नाही. दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे धावपट्टीवर थ्रॉटल पुढे केले की विमान डावीकडे ओढ घेतं. म्हणून डावा थ्रॉटल उजव्याच्या बोटभर पुढे ठेवायचा, उजव्या रडरवर पाय तयार ठेवायचा, आणि शेपटी उचलली जाईपर्यंत धीर धरायचा. जमीन सोडल्यावरही एक टप्पा असा असतो की तिथे एक इंजिन गेलं तर दुसरं इंजिनच तुम्हाला उलटं करून जमिनीत घालतं. तो टप्पा ओलांडेपर्यंत मी आणि दादा, दोघंही बोलत नाही. हे आम्ही ठरवून केलेलं नाही.

मग झाडांवरून प्रवास सुरू होतो. रडारच्या नजरेखालून जायचं म्हणून पन्नास-साठ फुटांवर. या उंचीवर डोळे लांब ठेवावे लागतात. जवळचं सगळं रेघांसारखं पळत असतं आणि त्यात बघण्यासारखं काही नसतं. लांबचा चर्चचा मनोरा मात्र आधी स्थिर दिसतो, मग हळूहळू मोठा होतो, मग एकदम बाजूने निघून जातो. विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून खांब शोधायचे आणि तारा तिथे आहेतच असं धरून वर उचलायचं.

दादाचं काम घड्याळाचं. ताशी २४० मैल म्हणजे मिनिटाला चार मैल, आणि हा आकडा त्याने मुद्दाम निवडलेला आहे, कारण डोक्यात भागाकार सोपा जातो. नदीच्या एका वळणावर तो म्हणतो, “घड्याळ चालू. तीन मिनिटं वीस सेकंद. दिशा शून्य-सात-पाच.” त्यानंतर जग म्हणजे ती दिशा आणि ते सेकंद. सेकंदाला १०७ मीटर. पाच सेकंदांची चूक झाली तर अर्धा किलोमीटर. वारा आडवा असेल तर त्याची वजाबाकी तो आधीच करून ठेवतो, आणि मला फक्त सुधारलेला आकडा सांगतो. या साडेतीन मिनिटांत त्याच्या आवाजात मोठ्या भावाचा सूर नसतो. मला तो आवाज फार आवडतो. लहानपणी तो मला सायकल शिकवताना मागून सीट धरून धावायचा, तेव्हाही असाच बोलायचा, फक्त पुढे काय येतंय तेवढंच.

“तीस सेकंद. दारं उघड.”

दारं उघडली की विमानाच्या आवाजाला खालून एक घरघर जोडली जाते आणि वेग किंचित मरतो. समोर रेल्वे यार्ड. लक्ष्य नाकाखाली सरकायच्या आत बटण दाबायचं. पन्नास फुटांवरून सुटलेला बॉम्ब पावणेदोन सेकंदांत जमिनीला लागतो, आणि सुटताना त्याला विमानाचाच वेग असल्यामुळे तो जवळजवळ तुमच्या पोटाखालून तुमच्यासोबत धावतो. त्याच क्षणी फुटला तर तुम्हीही त्यातच. म्हणून इतक्या खालच्या हल्ल्यांत फ्यूज उशिराचा लावत, अकरा सेकंदांचा. अकरा सेकंदांत विमान सव्वा किलोमीटरच्या आसपास पुढे गेलेलं असतं.

म्हणजे बॉम्ब फुटतो तेव्हा तुम्ही तिथे नसताच. तुम्ही जे केलंत ते तुमच्या पाठीमागे घडतं. आणि या विमानात वैमानिकाला मागचं नीट दिसत नाही. डोक्यामागे चिलखती पत्रा आहे. मागे बघायचं काम नॅव्हिगेटरचं. खरे नॅव्हिगेटर सीटवर गुडघे टेकून, मागे तोंड करून बसायचे आणि शेपटीवर कुणी येतंय का ते पाहायचे. दादाही नजर वळवतो आणि मला सांगतो, “आता मागे बघू नकोस.” कारण मान वळली की हातही वळतो. हात वळला की पंख कलतो, आणि पन्नास फुटांवर पंख कलायला जागा नसते.

मी विचारते, “काय दिसलं?”

तो सांगतो, “धूर.”

बरेच दिवस एवढ्यावर माझं भागत होतं. मग मी खऱ्या मोहिमांबद्दल वाचायला लागले.

१८ फेब्रुवारी १९४४ ची फ्रान्समधल्या आमियँ तुरुंगाची मोहीम सगळ्यांना माहीत असते. बर्फात इंग्लंडमधल्या हन्सडनहून निघालेली मॉस्किटो, आल्बेर ते आमियँ हा सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना पॉप्लरची झाडं आणि झाडांपेक्षाही खालून चाललेली विमानं. भर दुपारी बाराला तुरुंगाच्या भिंती फोडायच्या, म्हणजे आतले, जर्मनांविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकारातले कैदी पळू शकतील. भिंती फुटल्या. अडीचशेहून जास्त कैदी निसटले. शंभराच्या आसपास कैदी त्याच बॉम्बांनी आणि गोळीबाराने मेले. मोहिमेचा नेता होता ग्रुप कॅप्टन पर्सी पिकार्ड, वय २८. भिंत पडली नसेल तर मागून येणाऱ्या तुकडीला पुन्हा बॉम्ब टाकायला सांगायचं, पडली असेल तर परत पाठवायचं, हा निर्णय त्याच्याकडे होता. म्हणजे या सगळ्यांत ज्याला मागे बघणं भाग होतं असा माणूस तो. तो आणि त्याचा नॅव्हिगेटर बिल ब्रॉडली परतले नाहीत. फॉके-वुल्फने त्यांना आमियँजवळच पाडलं.

हे वाचून मी दादाला फोन केला होता. “म्हणजे तू म्हणतोस ते बरोबर आहे,” मी म्हणाले. “जो थांबतो तो जातो.” तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “कोपनहेगनचं वाच.”

२१ मार्च १९४५. युद्ध संपायला दीड महिना उरलेला. कोपनहेगनमधल्या शेलहूस इमारतीत गेस्टापोचं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचं, मुख्यालय होतं. डॅनिश प्रतिकाराची कागदपत्रं तिथे गोळा झालेली, आणि हल्ला होऊ नये म्हणून वरच्या मजल्यावर कैदी ठेवलेले. डॅनिश प्रतिकारानेच हल्ल्याची मागणी केली होती. एफबी ६ मॉस्किटोंच्या तीन लाटा समुद्रावरून, शहरावरून, छपरांच्या उंचीवर. अगदी माझं विमान. तोच वेग, तीच उंची, तेच अकरा सेकंद मनात.

पहिल्या लाटेतल्या एका मॉस्किटोचा पंख रेल्वे यार्डातल्या दिव्याच्या उंच खांबाला लागला. एका खांबाला. विमान पडलं ते फ्रेडरिक्सबर्गमधल्या जान दार्क शाळेजवळ, आणि पेटलं. पुढच्या लाटांतल्या काही वैमानिकांना समोर धूर दिसला. पहिल्या लाटेने लक्ष्यावर बॉम्ब टाकलेले असणार, म्हणजे धूर आहे तिथे लक्ष्य आहे. ती शाळा आणि शेलहूस यांच्यात या विमानासाठी मोजक्याच सेकंदांचं अंतर. त्यांनी शाळेवर बॉम्ब टाकले. ८६ मुलं गेली. १८ मोठी माणसं गेली, त्यांत अनेक नन होत्या.

शेलहूसही जळालं, कागदपत्रं नष्ट झाली, वरच्या मजल्यावरचे काही कैदी त्या गोंधळात जिवंत सुटले. मोहीम यशस्वी म्हणून नोंदली गेली, आणि तिच्या उद्देशापुरतं पाहिलं तर ती झालीही होती.

मी ते रात्री दीडला वाचलं आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. त्या वैमानिकांना मी मनात दोष देऊन पाहिला, पण देता येईना. त्यांच्या जागी मी तीन वर्षं बसले आहे. समोर धूर आला की काय वाटतं ते मला माहीत आहे: सुटका वाटते. आता शोधायचं नाही, कुणीतरी आधीच शोधलंय. सेकंदाला १०७ मीटर जाणाऱ्या माणसाला धुराएवढी आधाराची दुसरी गोष्ट नाही. ज्या वेगाने हे विमान आपल्या दोघांना वाचवतं, त्याच वेगाने ते बघायचा वेळ काढून घेतं. फ्रीमन यांना पटलेल्या त्या सुंदर विचाराचा हा दुसरा काठ आहे, आणि तो विचार मला आजही सुंदरच वाटतो. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवायला मला जड जातं.

त्यानंतरच्या शनिवारी मी दादाला म्हटलं, आज बॉम्ब नकोत. आम्ही बॉम्ब न लादता उडालो. नेहमीच्या त्या रेल्वे यार्डाच्या गावावर गेलो, फ्लॅप उतरवले, चाकंही खाली घेतली, आणि जितकं हळू उडता येईल तितकं हळू उडालो. मॉस्किटोला हे आवडत नाही, ते नाक हलवत राहतं, इंजिनांचं तापमान चढत जातं. पण पहिल्यांदाच मला ते गाव दिसलं. यार्डाच्या पूर्वेला एक लांब, दुमजली इमारत होती आणि तिच्यापुढे चौकोनी मोकळं अंगण. सिम बनवणाऱ्या कुणीतरी त्या अंगणाला कुंपण काढलं होतं आणि कुंपणाला एक फाटक. आत माणसं नव्हती. या जगात जमिनीवर फक्त सैनिक आणि ट्रक असतात. “शाळा असेल का?” मी विचारलं. दादा म्हणाला, “नकाशावर काही लिहिलेलं नाही.” आम्ही तिच्यावरून दोन घिरट्या घातल्या. मागच्या शंभरेक फेऱ्यांत ती आमच्या उजव्या पंखाखालून दर वेळी गेली असणार, साधारण दोन सेकंदांसाठी.

गेल्या महिन्यात आम्ही सहा विमानांच्या एका मोहिमेत होतो. आम्ही पाचवे. ढग खाली होते, पाऊस काचेवरून तिरका पळत होता. नदीच्या वळणावर दादाने घड्याळ चालू केलं. तीन मिनिटं वीस सेकंद. दोन मिनिटं चाळीस सेकंद झाल्यावर डावीकडे पुढे काळा धूर वर आला. पुढच्या विमानाने लगेच त्याच्याकडे नाक वळवलं.

“दादा, धूर.”

“दिसतोय.”

“आपलं लक्ष्य आहे का ते?”

“घड्याळ म्हणतंय अजून चाळीस सेकंद.”

“वारा?”

“धरलाय.” मग अर्धा सेकंद थांबून, “पण पावसामुळे खात्री नाही.”

चाळीस सेकंद म्हणजे जवळपास पावणेतीन मैल. दारं उघडी होती. मी धुराकडे वळले नाही, घड्याळावर सरळ गेले. चाळीस सेकंद संपले तेव्हा समोर पाऊस होता आणि पावसात छपरं होती. यार्डाची असतील, नसतील. बोट बटणावर होतं. छपरं नाकाखाली सरकली. मी बटण दाबलं नाही.

“दारं बंद करते,” मी म्हणाले.

“कर.”

त्या दिवशी ते नेहमीचं वाक्य आलं नाही. तो मागे बघत होता की पुढे, मला कळलं नाही. विमान जड होतं, पाचशे पौंडांचे चारही बॉम्ब जागेवर होते. समुद्र ओलांडेपर्यंत तो फक्त दिशा सांगत राहिला आणि मी त्या धरत राहिले. किनारा लागल्यावर त्याने इंधन विचारलं. मी टाक्यांचे आकडे वाचून दाखवले.

बॉम्ब घेऊन उतरायचं म्हणजे वेग नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवायचा आणि खाली उतरण्याचा दर अगदी कमी. धावपट्टी ओली होती. चाकं टेकली, विमान डावीकडे जरा ओढलं, मी रडर दिला, ब्रेकच्या हवेचा फुसकारा आला. शेपटी हळूच खाली बसली.

“छान उतरवलंस,” दादा म्हणाला.

इंजिनं बंद केली. पंखे दोन-तीन फेरे आणखी फिरले आणि थांबले. आम्ही दोघंही लगेच बाहेर पडलो नाही, तसेच बसून राहिलो, काचेवरचा पाऊस बघत.